त्याच्या नावाची बुडी

"मोटर न्यूरॉन डिसीज," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. मला त्या टोपण लावण्याचाच आधी राग आला.

मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या नसा या आजारात एकेक करून मरतात. हुकूम मिळाला नाही की स्नायू वाळत जातात. आधी हात-पाय, मग जीभ, गिळणं आणि शेवटी श्वास. बुद्धी मात्र शाबूत राहते. "वुई कॅन सपोर्ट हिम," डॉक्टर म्हणाले. "क्युअर नाही."

माझा नवरा सुधीर तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होता. मी त्याला अरे-तुरेच करायचे, सासूबाईंना ते कधीच आवडलं नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही शारजात राहायचो. मी शाळेत गणित शिकवायचे आणि तो दुबईत एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होता. ऑफिसातले ड्रॉइंग बोर्ड जाऊन नुकतेच कंप्युटर आले होते. बोटं ऐकेनात, तेव्हा तो दोष माऊसला देत होता. पण मग शर्टाची बटणंही लागेनात.

ईएमजी नावाची एक तपासणी असते. स्नायूत सुया टोचून त्यातली वीज मोजतात. दुखतं, उगाच खोटं कशाला सांगू? तुमच्यापैकी कुणाची व्हायची असेल तर सैल कपडे घालून जा आणि सोबत बोलकं माणूस न्या. सुधीरसोबत मी होते, तेव्हा त्या बाबतीत त्याची चंगळ होती.

मी सहजासहजी मान्य करणाऱ्यातली नाही. केरळची तेलं झाली, दुबईच्या देरा भागातला होमिओपॅथ झाला, नवस झाले. सुधीर सगळं मुकाट्याने करून घ्यायचा. मग एक दिवस त्याच्या कंपनीचे मालक घरी आले. म्हातारे अमिराती गृहस्थ, सगळे त्यांना अरबाब म्हणत. त्यांचं कुटुंब दर उन्हाळ्यात ऑस्ट्रियातल्या बाड गास्टाइन नावाच्या गावी जायचं. तिथे डोंगरातून गरम पाणी येतं.

"उधर का पानी बहुत अच्छा, हबीबी," ते सुधीरला म्हणाले. "मेरा फादर कुर्सी में गया, चलके वापस आया. इन्शाल्ला तुम भी."

व्हिसाचं, राहण्याचं सगळं त्यांनीच बघितलं. शाळेला सुट्टी लागल्यावर मी, सुधीर आणि आमची बारा वर्षांची केतकी निघालो. मला खात्री होती, आता काहीतरी होणार.

गावाच्या ऐन मध्यातून धबधबा कोसळत होता आणि दोन्ही बाजूंच्या कड्यांना राजवाड्यांसारखी हॉटेलं चिकटली होती. कुठला सम्राट कुठे उतरायचा, कुठली राणी कुठे फिरायची, त्याच्या पाट्या होत्या. काही हॉटेलांच्या खिडक्या फळ्या मारून बंद केल्या होत्या. रस्ते नुसते चढ-उताराचे. व्हीलचेअर मी ढकलायची आणि केतकीने पुढून ओढायची. सुधीरचं बोलणं तोवर जड झालं होतं, पण त्याला गप्प बसवत नव्हतं.

"राजे इथे बग्गीतून यायचे," तो म्हणाला. "मी हातगाडीतून."

पाण्यात उतरण्याआधी तिथल्या डॉक्टरांना दाखवावं लागतं. पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी सुधीरला एका नळीत फुंकायला लावलं. एका दमात छातीतून किती हवा बाहेर काढता येते ते त्यात कळतं, त्याला व्हायटल कपॅसिटी म्हणतात. त्यांनी आकडा बघितला आणि मान हलवली. पाण्याचा छातीवर दाब येतो, याच्या श्वासाच्या स्नायूंना तो पेलणार नाही, तेव्हा पाण्यात उतरायचं नाही.

मी भांडले. इतक्या लांबून आलोय, पाच मिनिटं तरी उतरू द्या म्हटलं.

"हे पाणी सांध्यांना बरं असतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "नसांना त्याचा उपयोग नाही. आय अॅम सॉरी." मग त्या माझ्याकडे न बघता त्याच्याकडे वळल्या. "तुम्हाला काय हवंय?"

"काठावर बसायचंय," सुधीर म्हणाला. "ही उतरेल."

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. सुधीरचं गाव संगमेश्वरकडचं. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडावर अंघोळीला गेलं की घरातलं जे माणूस येऊ शकलं नाही, त्याच्या नावाने एक बुडी घ्यायची. आमच्या घरची निम्मी माणसं आखातात, त्यामुळे सुधीरची आत्या दर वेळी नावं घेऊन बुड्या मारता मारता दमून जायची. नियम एकच. माणूस हजर असेल तर त्याने स्वतः उतरायचं. काठावरच्या माणसाच्या नावाची बुडी कुणी घेत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाण्यात उतरले. देऱ्यात घेतलेला, आयुष्यातला पहिला स्विमिंग कॉस्च्यूम अंगात होता आणि त्याखाली घोट्यापर्यंत लेगिंग्ज. सुधीरला हसू आवरेना. आजूबाजूला म्हातारी माणसं गळ्यापर्यंत पाण्यात निवांत उभी होती. डोकं कुणीच बुडवत नव्हतं. मी सासूबाईंच्या नावाची एक घेतली, आत्याची एक घेतली, अरबाबचीही घेतली.

"आता माझी," सुधीर म्हणाला.

"तू आहेस ना इथे."

"घे."

"काठावरच्या माणसाची घेत नाहीत. तुलाच माहितीये."

"माहितीये," तो म्हणाला. एकेक शब्द त्याला उचलून ठेवावा लागत होता. "म्हणूनच सांगतोय. मी नाही येऊ शकत, मंजू."

केतकी त्याच्या खुर्चीचा दांडा धरून उभी होती. "आई, प्लीज. ही इज आस्किंग यू."

मला त्या दोघांचा भयंकर राग आला. ती बुडी घेतली की मी त्याला न येणाऱ्यांत मोजलं, असंच होणार होतं. इतके महिने मी एवढं एकच केलं नव्हतं. मी पाण्यात नुसती उभी राहिले. तो वाट बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता, तो फक्त खूप थकला होता. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

मी त्याचं नाव घेतलं आणि बुडी मारली.

वर आले तर पाण्यावर देखरेख करणारी बाई जर्मनमध्ये माझ्यावर ओरडत होती. बहुधा डोकं बुडवायचं नसतं तिथे. मी रडत होते. काठाशी गेले आणि ओला हात त्याच्या कपाळावरून, मानेवरून फिरवला.

"गरम आहे," तो म्हणाला. "झाली अंघोळ."

परतल्यावर तो पुढचा हिवाळा काढून गेला. पेग ट्यूब बसवली. अन्न थेट पोटात जावं म्हणून पोटाला भोक पाडून नळी घालतात, तिला पेग म्हणतात. पण त्या बुडीनंतर आम्ही बोलायला लागलो. केतकीचं पुढे काय, मी शारजात राहायचं की परत जायचं, श्वास थांबायला लागला तर मशीन लावायचं की नाही. नाही, म्हणाला. हे सगळं त्याच्याच तोंडून ऐकलेलं होतं, म्हणून त्या शेवटच्या सकाळी हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारल्यावर मला उत्तर शोधावं लागलं नाही. तुमच्या घरी हा आजार आला असेल तर एवढंच सांगते, माणसाची वाचा आहे तोवर बोलून घ्या. पाण्याने तो बरा झाला नाही. तरी त्या गावाची, त्या डॉक्टरीणबाईंची आणि अरबाबची मी ऋणी आहे.

मे महिन्यात मी आणि केतकी गावी गेलो. आत्या आम्हाला कुंडावर घेऊन गेली. कुवेतवाल्यांची, मस्कतवाल्यांची नावं घेत तिने बुड्या मारल्या. सुधीरच्या नावाशी ती अडखळली आणि माझ्याकडे बघायला लागली.

"त्याची राहू द्या, आत्या," मी म्हणाले आणि पायरी उतरले. "ती मी घेते. मी आधी घेतलेली आहे."