उसाच्या नंबरांची यादी

गूळ पावडरच्या एका कारखान्यात मी वजनाच्या खिडकीवर बसायचे. आम्हा चौघींपुढं थिन क्लायंट होते, म्हणजे स्क्रीन आणि वहीएवढा डबा. डब्यात काही साठत नसे. कुणाची गाडी कितव्या नंबराला आत घ्यायची ती यादीही, सगळं मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर.

खजुरीकडचे शेतकरी तीन दिवस रांगेत होते. ट्रॉल्यांत ऊस वाळायला लागला होता. दुपारी कुणीतरी ओरडलं, "मागची गाडी आत घेतली!" आणि दार मोडून माणसं आत घुसली.

पहिला दगड माझ्या स्क्रीनवर बसला. काच गालात शिरली. एका तगड्या माणसानं डबा उपटून फरशीवर आपटला. "आता बदल नंबर!" तिघी टेबलांखाली शिरल्या. शिफ्टचे साहेब माझ्यामागं भिंतीला चिकटून उभे होते. कानाशी म्हणाले, "फोडू द्या. यादी गेली म्हणून सांगू."

तेव्हा कळलं, नंबर साहेबांनीच फिरवलेत. आणि यादी या डब्यातच असते, असं शेतकऱ्यांसारखं साहेबांनाही वाटत होतं.

एक म्हातारा शाबूत उरलेल्या शेवटच्या डब्यावर काठी उगारून होता. मी म्हटलं, "अण्णा, थांबा. यात कायबी न्हाई. यादी मागं हाय. कुणी बदलली तेबी दिसतंय."

"मग दाव."

लॉगिन करताना गालाचं रक्त कीबोर्डवर ठिबकत होतं. यादी होती तशी उघडली. तगड्या माणसानं ती मोठ्यानं वाचली. बदललेल्या प्रत्येक नंबरापुढं साहेबांचं नाव होतं.

मी साहेबांकडं बघायच्या आत त्यांची कॉलर कुणाच्या तरी मुठीत होती. त्यांना फरफटत वजनकाट्यावर नेलं. आधी ऊस मोडून मारलं, मग लोखंडी सळई आली. हात मोडल्याचा आवाज मला खिडकीतून ऐकू आला. मी धावले, "पुरे करा!" म्हणून त्यांच्यावर आडवी पडले. एक सळई माझ्या पाठीत बसली.

"आगं अक्का, तू कामून मधी पडायलीस!" म्हातारा ओरडला. मग त्यानंच सळई हिसकून घेतली.

पोलिसांना मी दोन्ही गोष्टी सांगितल्या: यादी कुणी बदलली, आणि सळई कुणी मारली. दुसऱ्या आठवड्यात कारखान्यानं मला काढलं. गावातल्या बायका नळावर माझ्याशी बोलेनाशा झाल्या. साहेबांचा हात काही सरळ झाला नाही.