बशीचा आवाज

त्या दिवशी घरात सात माणसं होती. आमच्याकडून मी, माझा लेक, सून आणि नात. त्यांच्याकडून मुलगा, त्याची आई आणि मामा. मामा इथंच सुरतेत, उधन्याला मिलमध्ये कामाला, स्थळ त्यानंच आणलेलं. मुलगा आणि आई खानदेशातून, गावाकडून आले होते. आमची पांडेसऱ्यातली खोली एकच. साड्यांचे गठ्ठे पलंगाखाली लोटले आणि पाहुण्यांना वर बसवलं. नातीला बघायला आले होते. हे जमलं तर तिचा संसार उभा राहणार होता.

मी आणि नात घरी साड्यांना खडे लावतो. काडीच्या टोकाला मेण लावायचं, त्यानं खडा उचलायचा, गोंदावर ठेवायचा. राईएवढा खडा असतो. तेव्हा हात हलत नाही. पण माल न्यायला माणूस येतो, तो नुसता मागं उभा राहिला की तिचा खडा घरंगळतो. माझाही. कोणी बघायला लागलं की आमचे हात आमचे राहत नाहीत. तळव्यांना पाणी सुटतं, कान तापतात, आवाज घशातच बसतो.

माझं हे लग्न झाल्यापासूनचं. सासऱ्यांपुढं पहिला चहा नेला, तर कप बशीत वाजायला लागला. सासू म्हणाली, "काय व, थंडी वाजे का तुले?" चैत्राचं ऊन होतं. सगळे हसले. मग भगताकडं नेलं, दोरा बांधला, कोंबडं दिलं. हात कापायचा तो कापतच राहिला. मग माझं मीच शोधलं. कपबशी सोडली, स्टीलचा गिलास धरला. त्याला बशी नाही, तो वाजत नाही. अर्धाच भरायचा, म्हणजे सांडत नाही. पदरानं धरून द्यायचा, म्हणजे बोटं दिसत नाहीत. गावाला हे चाललं नसतं. तिकडं पाहुण्याचा कप बशीत सांडेस्तोवर भरतात. अर्धा दिला तर म्हणतात, या घराला द्यायचं मन नाही. पण सुरतेला सगळेच अर्धा चहा पितात. इथं कोणाला कळलं नाही. जन्म निघाला त्याच्यावर.

नात शाळेत होती तेव्हा तिलाही आहे हे दिसलं. फळ्यापाशी उभी केली की हातातून खडू पडायचा. सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टरीण म्हणाली, "कंई नथी मासी, बीक छे." भीती आहे म्हणे, दुसरं काही नाही. मनाच्या डॉक्टरला दाखवा म्हणाली. लेक म्हणाला, "माझी पोरगी येडी नाही." तिथंच ते राहिलं. मी तिला माझा गिलास शिकवला. अजून काय होतं माझ्याकडं द्यायला?

तर त्या दिवशी तिनं तळव्यांना पावडर चोळली आणि गिलास घेऊन आली. अर्धे. खाली बघत एकेकाला दिले, नीट दिले. मला वाटलं, पार पडलं.

मुलाच्या आईनं गिलासात डोकावून पाहिलं. म्हणाली, "सुरतेच्या म्हशी आटल्या का काय?"

मामा हसला. "अक्का, इथं असाच पितात."

"पितात तर पितात. पण घरी आलेल्याला?"

सुनेचा चेहरा उतरला. ती उठली, फळीवरची कपबशी काढली, धुतली, काठोकाठ चहा भरला आणि नातीच्या हातात दिली. मी मान हलवून नको नको करत होते. सुनेनं बघितलं नाही.

नात दोन पावलं आली आणि बशी वाजायला लागली. खोलीत सगळे गप्प. गप्प बसल्यावर तो आवाज फार मोठा होतो. चहा बशीत, बशीतून तिच्या बोटांवर. कढत होता, तरी तिनं सोडली नाही. पावडरचा चिखल होऊन मनगटावर ओघळला. सगळे तिच्या हाताकडंच बघत होते.

मी उठले आणि बशीला खालून हात लावला. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझेही हात कापायला लागले. एक बशी, चार हात, आणि ती थांबेना. कप पडला.

"आजीलाबी आहे का?" मुलाची आई म्हणाली. हळूच म्हणाली, वाईट बोलायचं म्हणून नाही.

मुलगा बिचारा खाली वाकून कपाचे तुकडे उचलत होता. पोरगा चांगला होता.

दोन दिवसांनी मामाचा फोन आला. लेकाला म्हणाला, "भाऊ, पोरगी सोन्यासारखी आहे. पण तुमच्याकडं कंपवात पिढीजात दिसतो. अक्का भिते." लेकानं फोन ठेवून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "माय, तू बसून राहिली असती तर..." पोरगी माझ्यावर गेली, हे त्यालाही दिसतं, मलाही.

मामानं मिलमध्ये सांगितलं असावं. नंतर दोन जागी बोलणं लागलं, दोन्हीकडचे आलेच नाहीत. आता नातच नको म्हणते. लग्नाकार्याला गेली तर पंगतीत बसत नाही, उपाशी परत येते. माल घ्यायला माणूस आला की मोरीत जाऊन उभी राहते. मी म्हटलं, "अगं, असं किती दिवस?" म्हणाली, "तुझं निभलंच ना, आजी." माझं निभलं ते गिलासावर. तिला आता गिलासही धरवत नाही.

मी गेल्यावर तिचं काय, ते मला माहीत नाही. आम्ही दोघी भिंतीकडं तोंड करून खडे लावतो.

वाचणाऱ्याला एवढंच सांगते. तुमच्यापुढं कोणी चहा घेऊन आली आणि बशी वाजली, तर तिच्या हाताकडं बघू नका. कप घ्या आणि जरा दुसरीकडं बघा.