हिरव्या काकणांचा नियम

परळच्या आमच्या मराठी चर्चच्या मंडळीत मी बरीच वर्षं वडील आहे, म्हणजे कमिटीवरचा. बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा वर्ग मी घेतो आणि माझ्या संमतीशिवाय त्यांचं नाव पुढे जात नाही. पेटी चालेल, गिटार चालणार नाही. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. असे पुष्कळ नियम मी सांभाळलेत. हे सगळं पवित्र शास्त्रात आहे अशी माझी समजूत होती. वाचून बघायची वेळ कुणी आणली नव्हती.

ती आणली भोईवाड्यातल्या एका बाईंनी. घर कोकणातलं, हिंदू. नवरा अंथरुणाला खिळलेला. दोन वर्षं दर रविवारी यायच्या. टिकली त्यांनी आपणहून सोडली. हातात मात्र डझनभर हिरवी काकणं. प्रार्थनेत हात जोडले की किणकिण.

मी सांगितलं, "बाई, आधी ही उतरवा, मग बाप्तिस्मा."

त्या म्हणाल्या, "सर, बाकी सगळं सोडते. पण मालक म्हणालेत, 'तुका जायचा तर जा, पण मी जिवंत आसंय तवर काकणां काढू नको.' त्यांचं एवढंच मागणं आहे."

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. काय तो माझा रुबाब!

आमचे पाळक, म्हणजे पास्टर, माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी मला चहाला बसवलं. "काका, येशू प्रभू आहे, आपल्यासाठी मेला, पुन्हा उठला, हे त्या मानतात?"

"मानतात. माझ्यापेक्षा जास्त."

"मग अडलंय कुठे?"

"काकणांत."

"शास्त्रातलं वचन दाखवा. आजच त्यांचा बाप्तिस्मा थांबवतो."

मी चिडून घरी आलो आणि वचन शोधायला बसलो. तीन आठवडे शोधलं. दागिन्यांवर बोलणारी वचनं सापडली, पण ती लावायची तर आधी माझ्या बायकोच्या पाटल्या उतरवाव्या लागल्या असत्या. ते धाडस माझ्यात नाही. खरं तर पहिल्या आठवड्यातच कळलं होतं की मला काकणं आवडत नाहीत, देवाचं काही म्हणणं नाही. उरलेले दोन आठवडे मी नुसता हट्टाने काढले. कमिटीसमोर चुकलो म्हणायला जीभ रेटेना.

चौथ्या रविवारी संमतीवर सही करून कागद खिशात घातला. बाई आल्या नाहीत. पुढच्याही रविवारी नाहीत. पाळकांना विचारलं, तर म्हणाले, "त्यांचे मालक गेले, काका."

त्यानंतरच्या रविवारी त्या आल्या आणि उपासना संपल्यावर माझ्यासमोर उभ्या राहिल्या. दोन्ही हात पुढे केले. मनगटं उघडी.

"सर, आता घ्याल ना मला?"

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्या खरंच विचारत होत्या.