कांद्याच्या ट्रकवरचा ड्रायव्हर

ते प्रकरण मी विसरलेलो नाही, आणि विसरायची इच्छाही नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मुद्दाम बदलले आहेत. निवृत्ती जवळ आली होती. छावणी भागातल्या आमच्या ठाण्यात सकाळची हजेरी चालू असताना एका बाईचा फोन आला.

“साहेब, माझ्या थोरल्याला कावीळ झालीय. त्याचं लायसन घेऊन धाकटा ट्रकवर निघालाय. लासूर स्टेशनचा कांदा, हैदराबादला. घरात कुणाचं ऐकत नाय. त्याला धरा, पण मी सांगितलं म्हणू नका. पोरगा मला तोडंल.”

अवजड वाहन चालवायला वीस वर्षं पूर्ण लागतात. हा एकोणीसचा, आणि निघाला होता थेट परराज्यात. त्याचीच गाडी अडवली असती तर खबर घरातून फुटली हे त्यानं लगेच ओळखलं असतं. म्हणून नाकाबंदी लावून येईल तो ट्रक तपासायला घेतला. ड्रायव्हर मंडळींनी आमचा मनसोक्त उद्धार केला.

तो आला. भावाभावांत इतकं साम्य, की लायसनवरच्या फोटोवरून काही बोलता येईना. वय चोवीस, जन्मतारीख तोंडपाठ. आधार कार्ड म्हणे घरी राहिलं. मला सगळं ठाऊक होतं, पण तसं दाखवायची सोय नव्हती. दरडावण्याऐवजी मी चहा मागवला. चहा पिताना माणूस जरा सैल होतो. गप्पांत विचारलं, “दहावीला सेंटर कुठं होतं तुझं?”

तो हसला. “आमचे पेपर झालेच कुठं, साहेब? कोरोनात तसंच पास केलं समद्यांना.”

हवालदारानं माझ्याकडं पाहिलं. चोवीस वर्षांच्या माणसाची दहावी कोरोनाच्या कितीतरी आधी झालेली असते. पोराच्याही ते ध्यानात आलं आणि चेहरा उतरला.

“व्हय, भावाचं हाय. पण गाडी मला लई चांगली येती, साहेब.”

“येत असेल. पण वीस व्हायचीत अजून.”

गुन्हा त्याच्यावर नोंदवला, गाडीमालकावरही. कांदा दुसऱ्या ड्रायव्हरनं नेला.

वीस पूर्ण झाल्यावर त्यानं रीतसर स्वतःचं लायसन काढलं आणि पेढे घेऊन माझ्या हर्सूलच्या घरी आला. पाया पडून म्हणाला, “तुम्ही धरलं नसतं तर काय झालं असतं, देव जाणे.” मी पेढा तोंडात टाकला.

वयाची अट कायदा घालतो, पण पोटच्या पोराची खबर द्यायला जी छाती लागते, ती मी साऱ्या नोकरीत फार थोड्यांकडं पाहिली. बाई, शब्द दिला होता म्हणून तुमचं नाव तेव्हा घेतलं नाही, आताही घेत नाही. पण त्यानं मानलेले आभार तुमचे आहेत. माझेही त्यांतच धरा.