चाचा बसत नसत

मूल गावाहून चांद्याला जाणारी रेलकार चालवताना चाचा कधीही बसत नसत. चालकासाठी पुढे लोखंडी पाठीची एक उंच खुर्ची होती; तिच्यावर त्यांचा जेवणाचा डबा आणि पाण्याची सुरई प्रवास करीत. शाळेसाठी ये-जा सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांना कारण विचारले. "सवाऱ्या उभ्या आहेत ना बेटी," ते म्हणाले, "मंग मी कसा बसू?" सर्वांना जागा मिळाली तर ते बसतील, असा निष्कर्ष मी काढला. तो तपासून पाहण्याची संधी मात्र मिळेना, कारण सर्वांना जागा मिळाली आहे असा दिवस त्या गाडीच्या नशिबी नव्हता.

तिला गाडी म्हणणेही धाडसाचे होते. अरुंद रुळांवरून धावणारा एकच डबा, आणि यंत्रही त्याच्याच पोटात. लोक तिला मोटरडबा म्हणत. सावली गावाकडची माणसे बैलगाडीने मूलला येऊन तिच्यात चढत. पुढे जंगलातल्या छोट्या थांब्यांवर कचेरीतले कारकून, दूधवाले, कोंबड्या घेतलेल्या बाया आणि आम्ही शाळकरी मुले. चालक आणि प्रवासी यांच्यात भिंत नव्हती, त्यामुळे चाचांची पाठ हा आमच्या रोजच्या दृश्याचा भाग होता. खाकी कोट, पांढरी टोपी आणि खांद्यावर घामासाठी पंचा.

रुळांवर गुरे आली की बाकीचे चालक गुराख्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत. चाचा भोंगा वाजवीत आणि थांबत. "भोंग्यानं बोलाचं, तोंडानं नाई," हे त्यांचे सूत्र. "भोंगा कोणाच्या मायबहिणीवर जात नाई."

मला ते 'सायन्सवाली' म्हणत. परतीच्या प्रवासात त्यांचा प्रश्न ठरलेला असे : "आज काय शिकली?" मी तरफ, घर्षण, पाण्याचे विघटन असे जे काही त्या दिवशी झाले असेल ते सांगे. समजले नाही तर ते स्पष्ट म्हणत, "नाई समजलं. पुन्हा सांग." मोठ्या माणसाने माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकावे आणि मला पुन्हा सांगायला लावावे, हा माझ्या आयुष्यातला तोवरचा सर्वांत मोठा सन्मान होता. घरी परिस्थिती वेगळी होती. वडील भाताच्या गिरणीत हिशेबनीस होते; शिक्षणाला त्यांचा विरोध नव्हता, पण मर्यादा होती. "परीक्षेला एकदाच बसायचं," त्यांनी बजावले होते. "पास झालीस तर नागपूरचं कॉलेज. नाही तर गोंडपिपरीच्या पाहुण्यांना होकार."

शालान्त परीक्षा मोहफुलांच्या दिवसांत येते. आमच्या मार्गावर एका चढाजवळ गोंडांची छोटी वस्ती होती. तिथल्या बाया पहाटे वेचलेली फुले रुळांमधल्या गिट्टीवर वाळत घालीत. काळे दगड लवकर तापतात आणि खाली माती नसल्याने फुले स्वच्छ राहतात. सकाळी आमचा मोटरडबा गेला की पसरायची आणि तो संध्याकाळी परतण्याआधी गोळा करायची, अशी त्यांची रीत. हे नियमाविरुद्ध होते. चाचांना ते माहीत होते, आणि परतताना चढाआधीच्या वळणावर ते भोंगा थोडा जास्तच लांबवीत.

गणिताच्या पेपरच्या दिवशी मात्र आमच्या आधी गिट्टी वाहणारी गाडी त्या मार्गाने गेली. आवाज ऐकून बायांना वाटले, मोटरडबा गेला. त्यांनी फुले पसरली. आम्ही चढावर आलो तेव्हा रूळही फुलांनी झाकले गेले होते. चाकांखाली त्यांचा चिकट लगदा झाला, चाके जागच्या जागी फिरू लागली आणि डबा हळूहळू मागे सरकला. चाचांनी ब्रेक लावला.

पेपर सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने परीक्षेच्या दालनाचे दार बंद होत असे.

"पोलिसात द्या या बायायले!" मूलचे एक किराणा दुकानदार ओरडले. टोपल्या घेतलेल्या बाया झाडांआडून धावत आल्या. त्यांतली म्हातारी हात जोडून रडू लागली, "गलती झाली जी बाबू. आमाले वाटलं, तुमी गेले."

चाचा खाली उतरले, लगदा बोटावर घेऊन हुंगला. "माणूस मोह पिऊन डुलते, हे पाह्यलं होतं," ते म्हणाले. "गाडी डुलली, हे आजच पाह्यलं." रडणारी म्हातारी हसली. मग ते माझ्याकडे वळले. "सायन्सवाली, बोल. काय कराचं?"

एवढ्या माणसांसमोर तो प्रश्न मला विचारला गेला होता. घर्षण वाढवायला हवे, मी म्हणाले. आधी वाळल्या गवताने रूळ पुसायचे, मग नाल्यातली कोरडी रेती टाकायची. रेतीचा उपाय रेल्वेतल्या माणसाला ठाऊक नसेल, यावर आज माझा विश्वास नाही. त्या वेळी मात्र त्यांनी मान डोलावली आणि हुकूम दिला, "ऐकलं ना? लागा कामाले."

मी टोपलीला हात घातला, तशी त्यांनी ती काढून दुकानदारांच्या हातात दिली. "शेठ, तुमी उचला. हिचे हात आज पेपरसाठी राखून आहेत."

"मी उचलू? तिकीट काढलं आहे मी!"

"तिनं बी काढलं आहे, शेठ."

बायांनी रूळ पुसले, प्रवाशांनी रेती टाकली, सर्वांनी मिळून मागून रेटा दिला. चाकांनी पकड घेतली. चाचांनी पुढचा एकही थांबा गाळला नाही, पण कुठे श्वासही घेऊ दिला नाही. चांद्याला उतरून मी धावत सुटले. मी आत गेले आणि शिपायाने माझ्या मागे दार लावले.

मी उत्तीर्ण झाले. पेढे घेऊन मोटरडब्यात चढले, तेव्हा खुर्चीवर नवा चालक बसला होता आणि डब्यात माणसे दाटीने उभी होती. तिकीट तपासणाऱ्या भाऊंनी हकिकत सांगितली. हाती टोपली आलेल्या त्या दुकानदारांनी उशिराची तक्रार केली होती. चौकशीत चाचांनी बायांचे नावही घेतले नाही. "चढावर जोर द्याले चुकलो, कसूर माही," एवढेच म्हणाले. त्यांना मोटरडब्यावरून काढून चांद्याच्या यार्डात मालडबे हलवणाऱ्या इंजिनावर पाठवले होते.

मी यार्डात गेले. बांबूने भरलेले डबे ढकलणारे जुने इंजिन माझ्यासमोर थांबले. चाचा दांड्याला धरून उभे होते. मागची लाकडी बैठक रिकामी होती. मी खालूनच पेढे वर दिले. त्यांनी एक खाल्ला, एक कोळसा टाकणाऱ्याला दिला आणि विचारले, "नागपूरले काय शिकशीन?"

"भौतिकशास्त्र." मग मला राहवले नाही. "माझ्यामुळे तुमचा मोटरडबा गेला, चाचा."

"काऊन? गाडी तू घसरवली होती काय?"

मी रिकाम्या बैठकीकडे बोट दाखवले. "इथे तर एकही सवारी नाही. आता तरी बसा."

चाचांनी इंजिनावरून खाली, माझ्याकडे पाहिले.

"तू उभी आहेस ना," ते म्हणाले.