साडेपाच कट्टैचे पाईप

वेस्ट माम्बलममधल्या फ्लॅटची बाल्कनी पाईपांनी भरली, तेव्हा महालक्ष्मीने नवऱ्याला अट घातली. रविवारी हे वाजले तर ठीक. नाही तर सोमवारी भंगारवाल्याच्या गाडीवर.

सुधींद्र राव जॉर्ज टाउनमधल्या एका शिपिंग एजंटकडे हेडक्लार्क आहेत. घराण्याला तंजावर सोडून दोन पिढ्या झाल्या. नवराबायको बोलतात मराठीत आणि भांडतात तमिळमध्ये. कॉलेजात जाणारी मुलगी कीर्तना दोन्ही कामं इंग्रजीत उरकते. तिच्याच कॉलेजात स्लोव्हेनियाची दहा-बारा मुलं आली होती. त्यांनी इथल्या मुलांबरोबर टाकाऊ वस्तूंची वाद्यं करायची आणि रविवारी हॉलमध्ये एकत्र वाजवायची, असा कार्यक्रम होता. नियम एकच, नवं काही विकत घ्यायचं नाही. पाहुण्या मुलांची सोय घरोघरी केली होती. रावांकडे नेझा नावाची उंच, खालच्या आवाजाची मुलगी उतरली. पहिल्याच दिवशी तिने उडदाच्या पिठाचं डांगर तीनदा मागून घेतलं आणि महालक्ष्मीच्या मनात जागा मिळवली.

बिल्डिंगचे जुने पाईप बदलून जिन्याखाली टाकलेले होते. सुधींद्ररावांनी ते मागून आणले, धुतले आणि करवत घेऊन बसले. पाईपच्या तोंडावर रबराचा सपाट तुकडा मारला की खोल, घुमणारा आवाज निघतो. त्यासाठी जुनी स्लीपर सगळ्यात बरी, असं नेझाने दाखवलं.

"वाद्याला चप्पल?" महालक्ष्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अय्यो, पूर्वज वर बसून बघताहेत हो!"

मग चपलेऐवजी योगाची फाटकी चटई कापून जुन्या बॅडमिंटनच्या रॅकेटींवर चिकटवली. महालक्ष्मीच्या फोनवर तंबोरा लावून सुधींद्ररावांनी मोहनम् रागाचे स्वर एकेक पाईप कापत जुळवले. जुळले अगदी चोख. शेजारचे कृष्णस्वामी, ज्यांना सहसा काही आवडत नाही, त्यांनीसुद्धा पेपर खाली ठेवून ऐकलं.

शुक्रवारच्या तालमीत घोळ उघडा पडला. माटेय नावाच्या मुलाने फरशांच्या तुकड्यांचं वाद्य केलं होतं, इतरांनी काचेच्या बाटल्यांत पाणी भरून चमच्याने वाजवायची सोय केली होती. ते सगळं आणि नेझाचं गाणं एका कट्टैला, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला धरून. इथे स्वराची उंची कट्टैत मोजतात. सुधींद्ररावांचे पाईप निघाले साडेपाच कट्टैचे. दोन्ही एकदम वाजले आणि कीर्तनाने कानांवर हात ठेवले.

"अप्पा, षड्ज कुठला घेतलात?"

"तंबोऱ्यावर होता तो."

तंबोऱ्यावर असतो तो महालक्ष्मीचा षड्ज, तिची श्रुती. ती रोज सकाळी त्यात गाते. लग्न झाल्यापासून त्या घरात दुसरा षड्ज वाजलेला नाही, तेव्हा तो तपासून बघायचं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. कापलेला पाईप लांब होत नाही, आणखी कापून वर चढवावा तर घुमारा जातो. जोडायला कपलर विकत आणावेत तर नियम आडवा येतो. माटेय नम्रपणे म्हणाला, "अंकल, पाईपांशिवाय करू या. चालेल ना?"

"चालेल, चालेल," सुधींद्रराव म्हणाले. मग त्यांनी पाईप एकेक करून परत ऑटोत भरले.

जेवताना कीर्तनाने सगळं सांगितलं. महालक्ष्मीने रसम वाढता वाढता विचारलं, "माझ्या श्रुतीला कापलेत होय?"

"चुकून."

"चुकून, म्हणे." ती आत गेली, भात घेऊन आली. "काचेच्या बाटल्यांत पाणीच आहे ना? ओता, काढा, जुळवा. आणि ही पोर गाणार आहे ना? गळा काय पाईप आहे, कापला की संपलं?"

तिने नेझाला तिथेच गायला लावलं. कीर्तना इंग्रजीतून सांगत होती, पण महालक्ष्मी आधीच तंबोरा लावून "खाली ये, आणखी खाली" असं हाताने दाखवत होती. नेझाचं गाणं खालच्या सप्तकातल्या साडेपाच कट्टैला आलं आणि तिथे जास्त शोभलं.

शनिवारी महालक्ष्मी स्वतः हॉलवर गेली. मुलांचा आधी विरोध होता. तेव्हा तिने पाईप एकदा काढून वाजवायला सांगितलं, एकदा घेऊन. पाईप नसताना शेवटच्या रांगेत फक्त चमच्यांची टिकटिक पोचत होती. मग मुकाट्याने बाटल्या रिकाम्या व्हायला लागल्या. अडचण माटेयची झाली. त्याच्या फरशांपैकी नव्या श्रुतीत दोनच बसल्या.

"दोन पुरे," महालक्ष्मी त्याला तमिळमध्ये म्हणाली. "वेळेवर वाजव, बास."

रविवारी हॉल बऱ्यापैकी भरला. सुरुवातीला एक बाटली लवंडली आणि एक स्वर गेला. गाणं थांबलं नाही. माटेय दोन फरशांपुढे पुजाऱ्यासारखा ताठ बसून राहिला आणि पाळी आली की मारत गेला. पाईप वाजले तसा खुर्च्यांच्या पत्र्यालाही कंप सुटला. सुधींद्ररावांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. कार्यक्रमानंतर कोणीतरी विचारलं, हे कुठे शिकलात? ते म्हणाले, "घरी."

सोमवारी सकाळी भंगारवाला आरोळी देत आला. महालक्ष्मीने पेपरची रद्दी आणि फुटकी बादली खाली नेली. त्याने मान वर करून बाल्कनीकडे बोट दाखवलं. पाईप रांगेने उभे होते आणि कपड्यांची दोरी कठड्याच्या दुसऱ्या टोकाला सरकली होती.

"ते नाही," ती म्हणाली, आणि रद्दीचं वजन नीट कर म्हणून त्याला दटावलं.