टपालाच्या आधी वेंगुर्लं: फोंड्यानं खाली, आंबोलीनं वर

ज्यांच्याकडे सायकल आहे आणि दिवाळीनंतर सात-आठ दिवस मोकळे आहेत, त्यांनी ही फेरी एकदा करावी. मला दिवस मोकळे होते, कारण सात महिन्यांपूर्वी मी कॉलेज सोडलं होतं. प्रोफेसरांनी भर वर्गात माझ्या निबंधाला उथळ म्हटलं. मी उठलो, दार आपटलं आणि घरी आलो. दार फार चांगलं वाजलं. पुढं काय करायचं हे मात्र ठरलं नव्हतं.

सायकल माझी नव्हती. कोल्हापुरात आमच्या गल्लीतल्या हुसेनची होती. त्याच्या वडिलांचं लोहारकामाचं दुकान आहे आणि सायकल हुसेनला जिवापेक्षा प्यारी.

निघण्याचं कारण सांगतो, म्हणजे पुढची घाई कळेल. आमच्याकडं मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला मान. मामाला पोरगी दुसरीकडं द्यायची झाली तरी आधी बहिणीला विचारावं लागतं. माझे मामा वीस वर्षं वेंगुर्ल्याच्या बंदरावर एका वखारीत कारकून आहेत. त्यांची शेवंता तिथंच मुलींच्या शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी ती आमच्याकडं आली होती तेव्हा माझ्या एका पत्रातल्या सात चुका तिनं लाल शाईनं काढून दिल्या. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

भाऊबीजेच्या दिवशी मामांचं पत्र आलं. सावंतवाडीचं स्थळ आलंय, तुळशीच्या लग्नानंतर सुपारी फोडायची म्हणतात, भाच्याचं काय ते कळवा. एकदा सुपारी फुटली की लग्न पक्कं, मग देवसुद्धा काही करू शकत नाही. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चष्मा लावला, उत्तर लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टपालात टाकलं. मी विचारलं, "काय लिवलं?"

"खरं हाय ते लिवलं," आबा म्हणाले. "पोरगं तापट हाय, कालेज सोडलंय, आमचा आग्रह न्हाय."

टपाल निपाणी-आंबोलीवरून फिरून जातं. फोंड्याचा रस्ता जवळचा. मी सरळ हुसेनच्या दुकानात गेलो.

"सायकल परत आण," हुसेन म्हणाला. "तू न्हाय आलास तरी चालंल."

आईला काय कळलं कोण जाणे. तिनं करंज्यांचा डबा आणि गुळाची भेली मागं बांधली. "मामाला दे. आणि तिथं वाकडं बोलू नगंस," एवढंच म्हणाली.

पहिला दिवस सोपा. राधानगरीपर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस आणि मधूनमधून भोगावतीचं पाणी. महाराजांच्या धरणाचं काम चालू असल्यानं दगडाच्या गाड्यांनी पुढचा रस्ता उखडलाय, तेवढं जपावं. माझी ट्यूब दोनदा फुटली. पहिल्यांदा मी ती शांतपणे जोडली. दुसऱ्यांदा चाकाला लाथ घातली. चाकाला काही झालं नाही, मी मात्र पुढचा मैलभर एकाच पायानं पायडल मारलं. मुक्कामाला एका म्हातारीची खानावळ मिळाली. दोन आण्यांत भाकरी, पिठलं, ठेचा आणि झोपायला घोंगडं.

"पावणं, हे कशावर बसून आलाय?" तिनं विचारलं.

"सायकल हाय, आजी."

"पायबी हलवायचं आणि वर बसायचंबी? मग चालत का न्हाय आला?"

दुसऱ्या दिवशी दाजीपूरचं जंगल. इथं रस्ता एवढा गर्द की बारा वाजताही अंगावर ऊन पडत नाही, आणि हवेला ओल्या पालापाचोळ्याचा वास. एका वळणावर गवा उभा होता. काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा, अगदी रस्त्याच्या मधोमध. मी आजवर कुणाला वाट सोडलेली नाही. त्याला सोडली. अर्धा तास झाडामागं उभं राहून मी मनात आबांशी भांडत होतो, टपालाचा टांगा पुढं चालला होता आणि गवा रवंथ करत होता.

फोंडा घाटाच्या तोंडाशी एक गाडीवान गाडीच्या मागं लाकडाचा ओंडका बांधत होता. उतारावर गाडी बैलांच्या अंगावर जाऊ नये म्हणून ओंडका मागं फरफटत ठेवतात. त्यानं माझ्या ब्रेककडं पाहिलं. ब्रेक म्हणजे पुढच्या चाकावर टेकणारी रबराची वडी. आदल्या दिवशी ती निम्मी झिजली होती.

"ह्याच्या जिवावर उतरणार व्हय?" तो म्हणाला.

"मला शिकवू नका. मला घाई हाय."

"घाई आसंल तर सरळ खाली उडी मारा की. लवकर पोचशीला."

मग न विचारता त्यानं कोयत्यानं झाडाची एक मोठी फांदी तोडली आणि माझ्या सीटच्या दांड्याला सोलानं, म्हणजे काथ्याच्या दोरानं, बांधून मागं सोडली. सांगून ठेवतो, घाट उतरायचा तर हाच उपाय. फांदीशिवाय उतरू नका. डाव्या हाताला दरी, तिच्यात धुकं, मधूनच खाली भातखाचरांचे पिवळे तुकडे, आणि मागं धुळीचा एवढा लोट की वर येणारे गाडीवान बाजूला होऊन पदराआड पोरं घेतल्यासारखे बैल धरून उभे. पाय वर करून, गाणं म्हणत, मी कोकणात उतरलो. त्या तासाभरासाठी सगळी फेरी वसूल आहे.

तिसऱ्या दिवशी माझी चूक झाली. कणकवलीला फाटा फुटतो. वेंगुर्ल्याला जायचं तर सरळ कुडाळकडं. पण वाट विचारायला मला कमीपणा वाटतो आणि उजवीकडचा रस्ता उताराचा दिसला. समुद्र लागला की वेंगुर्लं आलंच, असं माझं भूगोलाचं ज्ञान. संध्याकाळी माडांच्या आडून समुद्र दिसला, पाण्यात किल्ला दिसला आणि मी एका म्हाताऱ्याला ऐटीत म्हणालो, "वेंगुर्ल्याला किल्ला हाय हे म्हायती नव्हतं."

"नाय," तो म्हणाला. "ह्या मालवण."

एक दिवस गेला. पुळणीवर बसून मी स्वतःला शिव्या दिल्या. पण समुद्र पहिल्यांदाच बघत होतो. आमच्या रंकाळ्याला निदान पलीकडचा काठ असतो. इथं नजर टेकवायला काही नाही. रागवायचं तरी कुणावर? थोड्या वेळानं मी शिव्या द्यायचा थांबलो, ही माझ्या बाबतीत मोठी गोष्ट.

म्हणूनच सांगतो, घाई नसेल तर मुद्दाम चुका. मालवणहून देवबागपर्यंत एका बाजूला खाडी, एका बाजूला दर्या आणि मधे माडांखालची वाळूची पट्टी. सायकल बरीच ढकलावी लागते. टोकाला कर्लीची खाडी होडीनं ओलांडायची. होडीवाल्यानं सायकल आडवी ठेवली आणि तिच्याकडं बराच वेळ पाहिलं.

"ह्येका चारो काय घालतास?"

"हवा."

"मगे सोयीचा जनावर."

पलीकडं लाल मातीचे चढउतार, काजूची झाडं आणि दर टेकडीमागं पुन्हा समुद्र. चौथ्या दिवशी दुपारी, केसांपासून चपलांपर्यंत लाल होऊन, मी मामांच्या दारात उतरलो. डब्यातल्या करंज्यांचा चुरा झाला होता. गूळ शाबूत होता.

पहिला प्रश्न मी विचारला, "टपाल आलं?"

"आज यायचंय," मामा म्हणाले. "आधी पाय धू. जेवणाच्या आधी कामाचं बोलायचं नाही."

वाटेत मी भाषण तयार केलं होतं. भाच्याचा मान, शेवंताचं मन, सावंतवाडीकरांची लायकी, असे तीन भाग. पानावर बसलो. मामी तारल्यांचं कालवण वाढत होती. तारली म्हणजे बोटभर लांबीची मासळी, चव अमृताची. शेवंता भाकरी घेऊन आली. माझ्याकडं बघून म्हणाली, "सात मैलांवरून धूळ दिसत होती." माझं भाषण तिथंच निम्मं झालं.

आता आमच्या कोल्हापूरची रीत अशी की रस्सा आला की त्यात भाकरी कुस्करायची. हाड असलं तर ते हाताला लागतं, बाजूला काढायचं. मी भाकरी कुस्करली. तिच्याबरोबर चार तारली पण कुस्करली. चांगला एकजीव काला केला आणि मूठभर घास घेतला. तारल्याच्या अंगात केसासारखे किती काटे असतात, हे कोल्हापुरात कुणी सांगत नाही.

तिसऱ्या घासाला काटा घशात आडवा बसला. त्याच क्षणी दारात टपालवाला आला.

मामांनी पान सोडलं नाही. डाव्या हातानं पत्र धरून मोठ्यानं वाचलं. "पोरगं तापट हाय. कालेज सोडलंय. प्रोफेसरांशी भांडून दार आपटलं. आमचा आग्रह न्हाय." एकेक वाक्य वाचून ते माझ्याकडं बघत. प्रत्येक वाक्याला माझ्याकडं उत्तर होतं. तोंड उघडलं की काटा खोल जाई. मी मान खाली घातली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते टपाटपा काल्यात पडलं.

"तुला काही म्हणायचंय?" मामांनी विचारलं.

मी मान हलवली.

मग मामा मामीला हळूच म्हणाले, "दाजी उगाच बोलतात गं. पोरगं किती निवलंय बघ. वडिलांच्या शब्दाला शब्द नाही."

"रडता बिचारो," मामी म्हणाली आणि आणखी दोन तारली वाढली.

शेवंतानं माझ्याकडं नीट पाहिलं. आत गेली, सुक्या भाताची मुठीएवढी मूद आणली आणि पानात ठेवून म्हणाली, "न चावता गीळ." मी गिळली. काटा गेला. बोलायची वेळ पण गेली होती.

संध्याकाळी आम्ही सगळे बंदरावर गेलो. मामा-मामी पुढं चालत होती. शेवंता माझ्या शेजारून म्हणाली, "काटा होता ना?"

"व्हय."

"मी घरात सांगितलेलं नाही."

"उपकार झाले."

"अजून सांगितलेलं नाही, असं म्हणाले मी." थोडं चालून ती म्हणाली, "सावंतवाडीला मी नाही म्हणून सांगितलंय, तू यायच्या आधीच. पण तुला हो म्हणालेली नाही. दार आपटणाऱ्याच्या घरात मी राहणार नाही. त्या प्रोफेसरांसमोर जा. ते काय म्हणतील ते ऐकून घे. आज बसलास तसा बस."

मी ताडकन उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिनं नुसतं माझ्या घशाकडं पाहिलं. मी तोंड मिटलं.

निघताना मामांनी पाठ थोपटली. "कॉलेजची परीक्षा होऊ दे, मग बघू." शेवंतानं माझ्या हातात एक सुपारी ठेवली, सावंतवाडीकरांसाठी आणलेल्यांतली. "अख्खी परत आण."

परतीला सावंतवाडीवरून आंबोली. चढ जवळजवळ सगळा ढकलत जावा लागतो, पण वर पोचल्यावर खाली कोकण पसरलेलं दिसतं आणि वारा घाम पुसतो. आजऱ्याचा भात खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नये. त्याचा वास शेजारच्या घरापर्यंत येतो. गारगोटीच्या बाजारात मटणाचा रस्सा मिळाला. मी भाकरी कुस्करायच्या आधी तीनदा बोटांनी चाचपून घेतलं. वाढणारा म्हणाला, "काय हरवलं काय, पावणं?" बिद्रीच्या पुढं वाट विचारली. दोनदा विचारली. काही बिघडलं नाही.

हुसेननं सायकल बघितली, सीटच्या दांड्यावर सोलाचा वण बघितला, ब्रेक बघितला. मी ऐकून घेतलं. तो अर्धा तास बोलत होता. शेवटी थकून म्हणाला, "आजारी हायस काय?"

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो. प्रोफेसरांनी माझा जुना निबंध अजून ठेवला होता. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. उथळ हा शब्द चौथ्या ओळीला आला, नंतर आणखी दोनदा. माझा हात खिशात होता, सुपारीवर. मी मान खाली घालून बसलो, घशात तारल्याचा काटा आहे असं धरून. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?"

मी मान हलवली. मग उठलो आणि जाताना दार हातानं धरून हळू लावलं.